जमादार खात नाही

दुपारचे तीन वाजत आलेत. जेवणं उरकून मी पलंगावर नुसती आडवी झाले आहे, झोपायचं नाही असं ठरवून. बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीतला दिवा जळतो आहे. त्याचा पांढरा उजेड दाराखालून आत येतो, डोळे मिटले तरी दिसत राहतो. मग त्या उजेडात कुणाची तरी पावलं दिसतात.

"झोपलीस व्हय, वृंदा?"

तात्या. माझे सासरे. ऑगस्टमध्ये गेले. तरी मला नवल वाटत नाही. खांद्यावर टॉवेल, आणि चेहरा रागानं लाल.

"जमादार दोन आठवडे जेवला न्हाई. आणि तू झोपा काढतीस?"

जमादार म्हणजे माझ्या मुलानं, वरदनं, हौसेनं आणलेला बिअर्डेड ड्रॅगन. गळ्याखाली काटेरी दाढी असलेला हातभर सरडा. वरद नोकरीला बंगळूरला गेला आणि घरात सरड्याचं सगळं तात्या बघू लागले. नाव त्यांनीच ठेवलं. तात्या गेल्यावर ते माझ्याकडे आलं. मला कुणी विचारलंही नाही.

"थंडीत सुस्तावतात ते," मी म्हणते. "दुकानदाराला फोन केला होता मी. तोच म्हणाला."

"ज्यानं विकला त्याला विचारलंस? डॉक्टरला का न्हाई?"

मी पलंगावरून पाय खाली टाकते, तर खाली वाळू आहे. आम्ही यंत्रमागाच्या शेडमध्ये उभे आहोत. इथंच तात्यांनी छत्तीस वर्षं जॉबर म्हणून माग दुरुस्त केले. ओळीनं सगळे माग चालू आहेत, पण आवाज अजिबात नाही. एका मागावरच्या कापडावर जमादार पडलाय.

"जवळ ये. बोटं बघ त्याची."

पायाची बोटं थरथरताहेत. मी खालच्या जबड्याला हात लावते, तर तो रबरासारखा दबतो. मी हात मागे घेते.

"चालताना पोट उचलतोय का? न्हाई. मागचे पाय वढतोय. दाढी काळी पडलीया. हाडं मऊ झाल्यात त्याची."

"दिवा रोज लावते मी, तात्या! एक दिवस चुकले नाही."

"त्या दिव्याची नळी वर्षाची झाली. उजेड देती, पण उन्हाचं काम करत न्हाई. अन् त्याबिगर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत न्हाई."

"हे मला कुणी सांगितलं? तुम्ही? वरदनं? पेटी माझ्यावर टाकली आणि सगळे निघून गेलात!"

माझा आवाज घुमतो, कारण आता भिंतींना हिरवा रंग आहे. हा दवाखान्याचा लांब कॉरिडॉर. ऑगस्टमध्ये ज्या बाकावर मी रात्रभर बसले होते, त्याच बाकावर तात्या बसलेत. जमादार त्यांच्या मांडीवर आहे. वर ट्यूबलाइटऐवजी पेटीतली ती नळी लावलेली आहे.

"आजार लपवत्यात ही जनावरं," ते जरा खालच्या आवाजात म्हणतात. "रानात आजारी दिसलं की कोणतरी उचलतंय. म्हणून रोज निरखून बघायचं असतंय."

आणि माझं डोकंच फिरतं.

"आणि तुम्ही? आठ दिवस छातीत दुखत होतं तुमच्या! ताटात अर्धी भाकरी टाकून उठायचात. मी तीनदा विचारलं. एकदा म्हणालात पित्त झालंय, एकदा उपवास आहे, तिसऱ्यांदा खेकसलात माझ्यावर. कुणाला भीत होता तुम्ही? आमच्यातलं कोण उचलून नेणार होतं तुम्हाला? तेराव्याला आलेली माणसं माझ्या तोंडावर म्हणाली, घरात सून असून कळलं कसं नाही! पाच महिने मी तेच ऐकतेय. आता तुम्हीपण तेच ऐकवायला आलात?"

तात्या टॉवेलनं तोंड पुसतात. बराच वेळ पुसत राहतात.

"तुला दिसत हुतं," ते म्हणतात. "तू विचारलंस. मी खोटं बोललो."

माझा राग जात नाही. पण रडू येतं.

"ह्याला विचारत बसू नगंस," ते उठून जमादारला माझ्या हातावर ठेवतात. "उचल आणि जा."

जमादार माझ्या मनगटाला नखं रोवून धरतो. दुखतं.

दुखण्यानंच जाग येते. मी पलंगावर आहे, उशी ओली आहे. बाहेर जाऊन बघते. पेटीचं झाकण बंद, कडी लावलेली. जमादार वाळूत पडलाय, दाढी काळीकुट्ट. बोटं थरथरताहेत. माझ्या मनगटावर पाच बारीक ओरखडे आहेत, एकावर रक्ताचा थेंब.

मी उभ्याउभ्याच फोन लावते. पहिला डॉक्टर "सरडा?" म्हणून हसतो. "हसू नका," म्हणून मी फोन ठेवते. दुसरा नाही म्हणतो, पण कोल्हापूरच्या एका डॉक्टरबाईंचा नंबर देतो. त्या सगळं ऐकून घेतात, मधे बोलत नाहीत.

"जबरदस्तीनं काही भरवू नका. खोक्यात टॉवेलमध्ये गुंडाळा, शेजारी कोमट पाण्याची बाटली. एक्स-रे काढू. इंजेक्शन लागेल, नवी नळी लागेल. उशीर झालाय, पण एक सांगा, पायांत पकड आहे का अजून? हातावर घेतलं तर धरतो का?"

मी मनगटाकडे बघते.

"धरतो, मॅडम," मी म्हणते. "घट्ट धरतो."

"मग लगेच निघा."