मावशीची कळशी

चिंच आणि राख लावून घासलेल्या तांब्याचा आंबट, ओला वास आला, की लोहगडवाडीची मावशी आठवते. ती गेली त्याला वर्षे लोटली. अपमान विसरणे तिच्या स्वभावातच नव्हते. लग्नाच्या मांडवात "नवरी काळी" म्हणणाऱ्या दिराला तिने वीस वर्षे बिनगुळाचा चहा पाजला, वर आर्जव, "घ्या भाऊजी, आनखी घ्या!"

मी तेव्हा लोणावळ्यात मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. वाडीच्या वरच्या अंगाला, खडकात खोदलेल्या टाक्यातला तो जीव मला तिनेच दाखवला. नखाएवढा, काळसर, पानासारखा चपटा. बाणाच्या टोकासारखे डोके, त्यावर तिरळे वाटणारे दोन डोळे, आणि तोंड चक्क पोटाच्या मध्यावर. उन्हाची तिरीप आली, की तो सावलीसारखा दगडाखाली सरके. मावशी त्याला 'चपटी' म्हणे. "कापली तर दोन व्हत्यात, बाई. रागावानी." इंदुरीपर्यंतची नदी आणि वाटेतले सारे झरे मी धुंडाळले, ह्या एका टाक्यावाचून चपटी कुठेच नव्हती. मडक्यात ती महिनोन्‌महिने जगे. पिण्याचे पाणी मात्र मावशी तांब्याच्या कळशीतच ठेवी. का, ते मी कधी विचारले नाही.

दोन वर्षे मी चपटीची चित्रे काढली, टिपणे केली आणि पुण्याच्या एका प्राध्यापकांकडे विश्वासाने पाठवली. ती छापून आली; त्यांच्या नावाने. माझा उल्लेख एवढाच, की पाणी एका स्थानिक बाईने आणून दिले. मी ते वाचून दाखवले, तेव्हा मावशीने फक्त विचारले, "हितं येनार हाय का त्यो?"

तो आला. विद्वानांच्या सभेत त्याला जिवंत चपट्या दाखवायच्या होत्या. टाक्याच्या शेवाळलेल्या पायरीवर त्याची काचेची बरणी निसटून फुटली. सवयीने मी मडके पुढे केले. मावशीने माझा हात बाजूला सारला आणि लखलखीत कळशी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. "मडकं आमा गरिबाचं, सायेब. तुमास्नी तांब्याचंच शोभतं." तो केवढा सुखावला!

आठवड्याने त्याचे संतापलेले पत्र आले. भर सभेत कळशी उघडली, तर तळाशी नुसता बुळबुळीत गाळ. पत्र घेऊन मी वाडी गाठली. मोठ्याने वाचताना एकेक शब्द माझ्या जिभेवर गुळाच्या खड्यासारखा विरघळत होता. मावशी दारात दुसरी कळशी घासत बसली होती.

"मावशी, तांब्यात चपटी मरते, हे तुम्हांला ठाऊक होतं?"

चिंचेचा चोथा तिने पुन्हा राखेत बुडवला आणि वर न पाहता म्हणाली,

"व्हय."