एजिदिओचं बैठं कपाट

जुन्या फर्निचरच्या लिलावांत हल्ली अक्रोडाच्या लाकडाचा एक लांब, ठेंगणा साइडबोर्ड अधूनमधून दिसतो. त्याला चिठ्ठी लावलेली असते: ‘इटली, १९५०चं दशक, डिझायनर अज्ञात.’ आता अज्ञात म्हणजे कुणाला? मिलानोजवळच्या कांतू या सुतारांच्या गावात कुठल्याही गल्लीत विचारा, एजिदिओ बाल्लाबिओचं नाव तर सांगतीलच, वर त्याला मक्याच्या पिठाचा पोलेंटा किती घट्ट लागायचा हेही सांगतील.

एजिदिओचा बाप खुर्च्या करायचा. पोराच्या हाती रंधा दिला तर खुर्चीचे चार पाय चार उंचीचे व्हायला लागले. बापाने ओळखलं, की ह्याला लाकडापेक्षा कागदावर सोडलेला बरा, आणि संध्याकाळच्या चित्रशाळेत नेऊन बसवला. तिथून एजिदिओ तेत्तामांतींच्या कारखान्यात लागला. काम एकच: दुमजली, आरसेवाल्या, कोरीव कपाटांची चित्रं काढायची. कपाटांच्या पायाशी सिंहाचे पंजे हवेतच. पंधरा वर्षांत त्याने इतके पंजे काढले, की अख्ख्या आफ्रिकेतले सिंह त्यांवर उभे राहिले असते.

घरी मात्र तो भलतंच काढत बसायचा. लांबलचक, बुटकं कपाट. अंगावर नक्षी नाही. खाली निमुळते होत गेलेले बारीक पाय, आणि चार दारांवरून लाकडाची रेघ न तुटता नदीसारखी सरळ गेलेली. बायकोने, एर्नेस्टाने, चित्र पाहून विचारलं, “हे बसलंय, की अजून उठायचंय?”

“बसलंय. तुझ्या आईसारखं कुणाच्या डोक्यावर उभं राहत नाही,” एजिदिओ म्हणाला. त्या दिवशी त्याला जेवण थंड मिळालं, पण चित्रात त्याने एक रेघ बदलली नाही.

मिलानोचे व्यापारी सिन्योर बोनोमी यांनी ते चित्र पाहिलं. वस्तू करून दाखव, म्हणाले. रविवारी चर्च सुटल्यावर येतो, पसंत पडली तर इथून पुढे तू फक्त माझ्यासाठी काढायचं. तेत्तामांतींनाही हे कळलं. त्यांनी निरोप धाडला, की मिलानोचं जमलं नाही तर सोमवारी मुकाट्याने पंज्यांवर हजर व्हावं.

कांतूत कपाट एका छपराखाली होत नसे. सुतार पोम्पेओने सांगाडा करायचा, मग हातगाडीवरून तो विर्जिनिओ कातार्‍याकडे पायांसाठी, तिथून फेर्मोकाकांकडे कोरीवकामाला, आणि शेवटी पॉलिशला. चित्र काढणार्‍याने मध्ये लुडबुड करायची नाही, हा रिवाज. आणि दुसराही एक रिवाज होता: शेजार्‍याच्या चित्रात चूक दिसली तर बोभाटा न करता गुपचूप सुधारून द्यायची. ह्याला कांतूत सभ्यपणा म्हणत.

गुरुवारी पॉलिशवाल्याने बोलावलं म्हणून एजिदिओ गेला, आणि दारातच थांबला. विर्जिनिओला वाटलं होतं, पेन्सिल घसरली असेल. त्याने पाय पैलवानाच्या पोटरीएवढे केले होते. फेर्मोकाकांना दारं उघडी-बोडकी पाहून दया आली होती. त्यांनी पदरच्या लाकडात द्राक्षांचे घड कोरून चारही दारांवर चिकटवले होते. दोघांनी वर निरोप ठेवला होता, आभार मानायची गरज नाही.

एजिदिओने आभार मानले नाहीत, आरडाओरडाही केला नाही. कपाट गाडीवर चढवलं आणि ज्या वाटेने ते आलं त्याच वाटेने उलटं ढकलत, फेर्मोकाकांचं दार ओलांडून, आधी विर्जिनिओकडे गेला.

विर्जिनिओला तो म्हणाला, “तुझा दोष नाही, बाबा. एवढा बारीक पाय कातणं सगळ्यांना जमत नाही. शेजारच्या मेदा गावच्या लोकांना विचारून बघतो.”

“मेदावाले?” विर्जिनिओने लेथ थांबवला. “त्यांचं लाटणंसुद्धा लंगडतं. ठेव ते कपाट इथे, आणि नीघ.”

पाय झाले. फेर्मोकाकांकडे मात्र ही मात्रा चालणार नव्हती. एजिदिओचा पाळणा त्यांनी कोरलेला. त्याने सरळ सांगितलं, की द्राक्षं काढायची आहेत. फेर्मोकाकांनी पटाशी पुसून हातात घेतली.

“काढतो,” ते म्हणाले. “पण मला एक सांग, ह्या तुझ्या कपाटात माझं काम काय? मी काय त्यावर फुंकर घालू?”

एजिदिओला स्वतःवर फार भरवसा होता, पण हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. पायांना कातारी होता, सांगाड्याला सुतार. दारांच्या मुठी तर त्याने दुकानातून पितळेच्या आणायच्या ठरवल्या होत्या. त्याने चित्र पसरलं आणि चारही मुठी खोडून टाकल्या.

“मुठी नकोत, काका. दाराच्या कडेला आतून अशी खाच कोरा, की बोटं आपणहून तिथे जातील. डोळ्यांना दिसता कामा नये.”

“न दिसणारं काम,” फेर्मोकाका म्हणाले. “ते आपल्याकडे बायका करतात.” पण त्यांचा अंगठा तेवढ्यात दाराच्या कडेवरून फिरायला लागला होता.

द्राक्षं काढली तरी सरसाचे डाग राहिले, म्हणून पोम्पेओने कुरकुरत त्याच ओंडक्याचं उरलेलं विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, दारांवर नव्याने चढवलं. शनिवारी पॉलिश वाळलं.

रविवारी चर्च सुटल्यावर विर्जिनिओ, पोम्पेओ आणि फेर्मोकाका पॉलिशवाल्याच्या अंगणात, सहज वाटेवरून जाताना थांबल्यासारखे उभे राहिले. बोनोमी आले. कपाटाभोवती फिरले, वाकून पाय पाहिले.

“मुठी बसवायच्या राहिल्या वाटतं?” शेवटी त्यांनी विचारलं. फेर्मोकाकांनी टोपी हातात चुरगाळली.

“उघडून तर बघा,” एजिदिओ म्हणाला.

बोनोमी त्याच्याचकडे बघत, मिलानोच्या गाडीला आज किती उशीर झाला ते सांगत होते. सांगता सांगता हात पुढे केला. बोटं खाचेत गेली आणि दार उघडलं. त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. दार लावून त्यांनी पुन्हा उघडलं. मग दुसरं, मग तिसरं.

“हे कुणी कोरलं?”

“फेर्मोकाकांनी. माझी चित्रं तुमची, पण खाचा त्यांच्याच. दुसर्‍या कुणाला हे काम देणार असाल तर हे कपाट आम्हीच वापरू.”

बोनोमींनी चौथं दार उघडलं, लावलं, आणि हात पुढे केला. आधी फेर्मोकाकांपुढे, मग एजिदिओपुढे.

सोमवारी एजिदिओ तेत्तामांतींकडे गेला तो फक्त आपली पट्टी आणि पेन्सिली आणायला. तिथून घरी गेलाच नाही. कोरा कागद घेऊन थेट फेर्मोकाकांच्या बाकावर जाऊन बसला आणि म्हणाला, एक टेबल डोक्यात आहे. त्यात तुमचं काम काय, ते आधी ठरवू, मग मी रेघ मारतो.