यादीतली पहिली ओळ

पन्नाशीला टेकल्यावर मी मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून कोडिंग शिकायला लागलो. वाशीमच्या आमच्या गल्लीत हे काम करणारा मी एकटाच, त्यामुळे मला हसणारे बरेच आणि चूक काढणारं कोणी नाही. म्हणून मी सुखात होतो.

मग वडील गेले. मला रडू आलं नाही. भूकही लागत होती आणि झोपही येत होती, त्याचीच जरा लाज वाटायची. तेरवीच्या जेवणाचं सांगणं कोणाकोणाला करायचं हा विषय निघाला तेव्हा मी जवळजवळ आनंदाने म्हणालो, "यादी मी करतो." वास्तुपूजेची जुनी यादी होतीच. तिच्यातून गावागावाच्या वेगळ्या याद्या काढणारा एक छोटा प्रोग्राम मी लिहिला. शिरपूरची वेगळी, रिसोडची वेगळी, म्हणजे भाऊबंद गाड्या काढून सांगत सुटतील.

पुण्याहून आलेल्या मुलीने तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "बाबा, तीच ओळ बारा वेळा काहून लिहिली?"

"बारा गावं आहेत म्हणून."

तिने बाराचं एक केलं. सारखं नाव दोनदा आलं की मी दुसरं उडवत होतो, ते तिने थांबवलं. "आपल्याकडं एका नावाची चार माणसं असतात. नावासोबत फोन नंबर पाहायचा." मी मान डोलवली.

यादीत पहिलंच नाव वडिलांचं होतं. वास्तुपूजेच्या वेळी त्यांनीच सांगून लिहून घेतलं होतं, "पयले माह्यं लिही. मले सांगणं नाही आलं त मी येत नाही."

मुलगी म्हणाली, "ही एक ओळ हातानं खोडा."

हात कीबोर्डवर गेला आणि तिथेच राहिला. ती चहा करायला उठली तेव्हा मी माझी एक सुधारणा घुसवली: हे नाव जिथे दिसेल ती ओळ गाळून टाक. प्रोग्राम एका क्षणात चालला. मला फार हुशार वाटलं.

तेरवीला पंगती उठल्या. मी वाढत होतो, म्हणजे हातात बादली होती. संध्याकाळी आत्याने विचारलं, "दादाचा जोडीदार काहून नाही दिसला रे?"

जोडीदार म्हणजे वडिलांचे बालमित्र, शिरपूरचे टेलरकाका. नाव तेच, आडनाव तेच. शाळेत एकाच्या वाट्याचा मार दुसरा खायचा. सरणाची लाकडंही त्यांनीच रचली होती. पण तेरवीला बिनसांगता कोणी येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरपूरला गेलो. काका मशीनवर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मले सांगणं नाही आलं," ते म्हणाले. "सकाळपासून टोपी घालून बसलो होतो."

मी सगळं सांगितलं: यादी, नाव, ती ओळ. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे तुह्या मशिनीनं मले बी मारलं?"

"हो काका."

"आन् तुले हातानं खोडाले काय झालं होतं?"

मी मशीनखालच्या चिंध्या गोळा करायला लागलो. मग त्यांनी खुंटीवरची टोपी काढली. "घरी काही उरलं हाय का? चाल. तुह्या बापाचं जेवण हाय, सोडत नसतो मी."

घरी त्यांना पाटावर बसवून मी वाढलं. ते सावकाश जेवले, वरण दोनदा मागितलं. मुलीने लॅपटॉप उघडून माझी ती ओळ काढली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. वर वाशीमच्या यादीत एक आणि खाली शिरपूरच्या यादीत एक, अशी दोन सारखी नावं आली, फक्त नंबर वेगळे.

"आता वरची खोडा, बाबा."

"काकांचं होऊ दे," मी म्हणालो आणि भात आणायला आत गेलो.

वरची ओळ अजून आहे.