टोकाला बसणारे नाना

"शेवटच्या पानावर काय पडलं?" नानांनी हे विचारलं की पंगतीत हशा पिकायचा. लग्न कुणाचंही असो, ते मुद्दाम ओळीच्या टोकाला बसत. वरण-बट्टीचं जेवण, तूप वाढणारा पहिल्या पानांवर धार सोडत यायचा आणि टोकाला पोचेपर्यंत भांडं निथळवत असायचा. पानावरचा थेंब बोटाने दाखवून नाना म्हणत, "नळाचंही असंच असतं, बरं का." असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

मला मात्र हसू येत नसे. आमच्या घरी शेवटचं पान आईचं. वडील गेल्यावर ती मला घेऊन धुळ्याहून जळगावला आली आणि गिरणीच्या कापूस-गोदामात कामाला लागली. दादर ज्वारीची भाकरी मला, उरलेली कोर तिला. तिच्या भुवयांतसुद्धा कापसाचे तंतू असत, आणि खोकला कायमचा. त्या खोकल्यावर मी कॉलेज केलं. आमच्या भावकीतला पहिला पदवीधर मी, हे सांगताना मी मान खाली घालत नाही. नोकरीही मिळाली ती त्याच गिरणीच्या ड्रॉइंग ऑफिसात, नानांच्या हाताखाली.

नाना तिरसट. माझ्या पदवीचं कौतुक त्यांनी एका वाक्यात उरकलं: "बी.एस्सी. झालात, आता शिडी धरा."

गोदामाच्या छताला आगीसाठी नळ होते. खाली आग लागली की उष्णतेने तोटी आपोआप उघडावी आणि फवारा सुटावा, अशी योजना. महायुद्धाच्या लढाईमुळे जाड नळ मिळेनात, म्हणून कंत्राटदाराने टोकाच्या भागात बारीक नळ बसवून दिले. मंजूर नकाशात ते जाडच होते. नानांनी शिडीवर चढून नळ न् नळ मापला आणि छताला जे खरंच होतं त्याचा नवा नकाशा काढला. मग गणित मांडलं: टाकीची उंची, नळाची लांबी, प्रत्येक वळणावर मरणारा जोर. बऱ्याच तोट्या एकदम उघडल्या, तर शेवटच्या तोटीला पाणी नुसतं ठिबकणार होतं.

त्या तोटीखाली माझी आई कापूस निवडायला बसायची.

गिरणीचे साहेब म्हणाले, नकाशा मंजूर आहे, तोच राहू द्या. नाना म्हणाले, "मंजूर नळ छताला नाही, साहेब. आहे तो मी काढला." नळ नसेल तर टाकी उंच करा, तेही नको तर बायकांना दाराजवळ बसवा, असं सांगायला ते पुन्हा पुन्हा जात राहिले. कारकून विचारत, "नाना, आज टाकी किती वर गेली?"

"तुमच्या अकलेच्या वर गेली. म्हणून दिसत नाही."

मी आईला काम सोड म्हणालो. "घर बशीसन मी काय करू?" एवढंच तिचं उत्तर. मुकादमाला जागा बदलून मागितली, तर त्याने साहेबाची चिठ्ठी मागितली. शेवटी नाना स्वतः तिच्याकडे गेले. "अक्का, दाराकडे सरका." ती हसली. "नाना, जागा मुकादम देस. मी कशी सरकू?"

आग एका भरदुपारी कापसाच्या मधल्या गंजीला लागली. दाराकडच्या तोट्या धो धो सुटल्या. तिथल्या बायका भिजून बाहेर आल्या. टोकाच्या तोट्याही उघडल्या होत्या. त्यांतून पाणी ठिबकत होतं. आई तिथेच राहिली.

तेराव्याला नाना आले. सवयीने टोकाला बसले. वाढपी तूप घेऊन पोचला तेव्हा त्यांनी पानावर आडवा हात धरला. त्यानंतर ते कुणाच्या पंगतीला दिसले नाहीत. ऑफिसात यायचे, पेन्सिलीला टोक करायचे आणि कोऱ्या कागदासमोर बसून राहायचे. एका थंडीत ते गेले.

लढाई संपली, जाड नळ आले. ते नानांच्या गणिताबरहुकूम मी बसवून घेतले आणि जसे बसवले तसाच नकाशा काढला. पाहणीच्या दिवशी मी सगळ्या तोट्या एकदम उघडायला लावल्या.

शेवटच्या तोटीला पूर्ण जोराने पाणी आलं.