दाजींच्या बाईची मान

करमाळ्यापासून थेट कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत आमच्या जिल्ह्यात जेवढे पुतळे बोट दाखवत उभे आहेत, त्यांतली निम्मी बोटं आमच्या दाजींची आहेत. पुतळे त्यांनी घडवले एवढंच नव्हे, बोटही त्यांचंच. नमुना म्हणून तासन्‌तास बोट उगारून उभं राहायला दुसरं कोण मिळणार? म्हणून दाजी आरशासमोर स्वतःचंच बोट धरायचे. ते लहानपणी दाराच्या फटीत सापडून डावीकडे वाकलेलं. पुढाऱ्यांनी दाखवलेल्या वाटेनं समाज का गेला नाही, यावर चर्चा करणाऱ्या विद्वानांनी हे बोट एकदा बघून जायला हरकत नव्हती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. माणसाच्या चेहऱ्याकडे नुसता चेहरा म्हणून बघणं त्यांना जन्मात जमलं नाही. अक्काला बघायला आले तेव्हा वडीलधाऱ्यांनी स्वयंपाक, शिवणकाम सगळं विचारून घेतलं. दाजींनी एकच विचारलं, "जरा खिडकीकडं तोंड करता का?" अक्कानं केलं. पोह्यांची बशी तशीच हातात धरून दाजी इतका वेळ बघत राहिले, की शेवटी आमच्या वडिलांनी खाकरून खिडकी लावून घेतली. लग्नानंतरही तीच तऱ्हा. अक्का भाकरी थापायला बसली की दाजी परातीतला एक गोळा हळूच पळवायचे आणि समोरच्या पाहुण्याचा कान करायचे. असाच एक कान पुन्हा पिठात मिसळून त्याची भाकरी झाली आणि नेमकी माझ्या सासऱ्यांच्या ताटात पडली. कान त्यांचाच होता. त्या दिवशी ते नुसत्या आमटीवर उठले.

सोलापुरात सात रस्ता चौकाच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये दाजींचा कलावर्ग चालायचा. पोरगं ड्रॉइंगच्या परीक्षेला बसेल या आशेनं आईबाप पाठवायचे, आणि दाजी पहिला महिनाभर पेन्सिलच हातात देत नसत. डोळे मिटायचे आणि मातीत आपल्या आईचा हात करायचा. एक वकील तक्रार घेऊन आले, "अहो, पोरगा घरी आल्यापासून आईचा हात सोडत नाही." दाजी म्हणाले, "मग पास झाला की."

मात्र बोटं करून करून दाजी विटले होते. मला म्हणायचे, "पावणं, एक तरी पुतळा चौकात असा बसवायचाय, जो कुणाला काय सांगायला जात न्हाई." दुष्काळ सरल्यावर शहरातल्या एका चौकात कष्टकऱ्यांचा पुतळा उभारायचं ठरलं आणि काम दाजींकडे आलं. पुतळा समितीच्या मनात मूठ वळलेला कामगार होता. दाजींनी घडवली विडी वळणारी बाई. आमच्या गल्लीतल्या बायका उंबऱ्यावर बसतात तशी. मांडीवर सूप, हात सुपात, मान पार खाली.

मातीचं काम वाळलं की तडकतं, म्हणून ते सारखं ओलं ठेवावं लागतं. त्यात सोलापूरचं ऊन, आणि दुष्काळ सरला तरी नळाला पाणी आलं तर आलं. घरातल्या आंघोळी तांब्यावर आल्या, पण बाईवरची गोणपाटं भिजल्याशिवाय राहिली नाहीत. अक्का पाणी घालता घालता बडबडायची, "हितं प्यायला पाणी न्हाई, आन् ही माझी सवत रोज न्हाऊन बसतीय."

समिती बघायला आली. अध्यक्ष बाईभोवती फिरत राहिले. "काम झकास हाय," ते म्हणाले, "पण हिला हार कसा घालायचा? मान एवढी खाली. मंत्र्यांनी घातलेला हार घसरला म्हंजे लई वाईट दिसंल की."

"घसरू दे की," दाजी म्हणाले. "घालून तर बघा."

कुणी घालून बघितला नाही. मान वर करा, लगेच चौथरा बांधायला घेतो, असं सांगून मंडळी चहा पिऊन गेली.

दाजींनी आयुष्यभर मागितलेला चौक हाताशी आला होता. दोन दिवसांनी त्यांनी तारेनं बाईची मान कापली आणि मातीची पाचर घालून वर उचलली. बाई थेट समोर बघायला लागली. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. संध्याकाळी दाजींनी गोणपाटाला हात लावला, तर ते कोरडं.

"पाणी न्हाई घातलंस?"

अक्का ज्वारी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "हिला कशाला? आपली बाई असती तर घातलं असतं."

दाजी तिच्याकडे बघत राहिले, त्या पोह्यांच्या दिवशी बघितलं होतं तसे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईची मान पुन्हा खाली होती. चौक गेला.

तिथं दुसऱ्या कुणी घडवलेला, मूठ वळलेला कामगार उभा राहिला. दाजींनी बाईचा साचा काढला, ती सिमेंटात ओतली आणि कलावर्गाच्या अंगणात बसवली. पोरं तिच्याभोवती बसून आपापल्या आयांचे हात करायची. ही कोण, असं कुणी विचारलं तर दाजी सांगायचे, "ती कामात हाय, नंतर या."

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेले तेव्हा वर्गातल्या पोरांनी अंगणात छोटी सभा ठेवली होती. फोटोला घालून एक हार उरला. अक्कानं तो उचलला, बाईपाशी गेली आणि तिच्या गळ्यात घातला. हार मानेवरून सरकला, डोक्यावरून निसटायला लागला. मी धरायला पुढं झालो, तर अक्कानं मला थांबवलं. हार अलगद खाली आला आणि सुपात जाऊन बसला, बाईच्या दोन्ही हातांभोवती, जणू तिथंच कुणी नीट मांडून ठेवावा तसा.

अक्का कितीतरी वेळ त्या हातांकडे बघत उभी होती. "घालून तर बघा," एवढंच म्हणाले होते दाजी. आणि इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी एकदाही घालून बघितला नव्हता.