वरच्या दोन पायऱ्या

"वरनं पाचवी पायरी बुडली की घर सोडायचं, मग चुलीवर दूध असलं तरी," बशीर गवंडी सांगायचा.

आष्ट्याहून कृष्णेकडे उतरलं की लागणाऱ्या गावात त्यानं जन्मभर भिंती बांधल्या. घाटाची पाचवी पायरी बुडली की नदी मागच्या ओढ्यात शिरते आणि खालच्या आळीची वाट तुटते, हे त्यानंच पाणसळ लावून, उंची जोखून काढलेलं. दर आषाढात तो दारोदार सांगत फिरायचा. खालच्या आळीत अंबूबाई एकटी राहायची. मुलगा जोतिबा लष्करात.

"कितवी म्हनलास रं?"

"पाचवी, मावशी. काल बी सांगितली."

"उद्या बी सांग. तेवढाच च्या पिऊन जाशील."

२०१९च्या पुरानंतर रस्ता उंच झाला. घाट त्याला जुळेना, म्हणून बशीरनं वर दोन पायऱ्या वाढवल्या. सांधा कुठं ते हात फिरवूनही कळू नये, असं काम. लोक मोजत राहिले वरूनच. त्याच्याही तोंडी पाचवीच राहिली.

दोन वर्षांनी पाणी आलं. पाचवी बुडेपर्यंत आळी थांबली. निघायला गेली तर ओढ्यानं वाट केव्हाच गिळलेली. बाकीचे पत्र्यांवर चढून वाचले. अंबूबाईवर मातीची भिंत आली. ती जागीच गेली. तिला ढिगाऱ्यातून बशीरनंच बाहेर काढलं.

पाणी उतरल्यावर घाटावरचा गाळ ओढताना त्यानं सहज पायऱ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. हातातलं फावडं गाळात उभंच राहिलं.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायकोला, महेजबीनलाही नाही. पुढच्या आषाढात तो कुणाच्या दारी गेला नाही. लोक म्हणाले, थकला.

यंदा मे महिन्यात गावाचं आपत्ती पथक उभं राहिलं. प्रमुख जोतिबा, आता निवृत्त. धोक्याच्या पायरीवर लाल पट्टा मारायचं ठरलं.

"ते बशीरचाचाच मारनार," जोतिबा म्हणाला. "माझ्या आईला ह्यांनीच भाईर काढली."

बशीर ब्रश घेऊन उतरला. पाचवी ओलांडून सातवीवर बसला आणि रंगवू लागला.

"चाचा, पाढं इसरला का काय?" गुंडा न्हावी वरून ओरडला. सगळे हसले. जोतिबाही.

बशीरनं मान वर केली नाही.

"वरच्या दोन माझ्या हायत, जोतिबा. एकोणीसच्या पुरानंतर बांधल्या. जुनी पाचवी ही. लोकांस्नी सांगायचं राहून गेलं माझं."

जोतिबा एकेक पायरी मोजत खाली आला. लाल पट्ट्याशी थांबला.

"तवा आईचा फोन आलेला," तो हळू म्हणाला. "मी म्हनलं, नीघ. तर म्हनली, अजून दोन पायऱ्या राहिल्यात. बशीर काय खोटं सांगंल व्हय?"



बशीरनं पट्टा टोकापर्यंत नेला. डब्याचं झाकण दाबून बसवलं, ब्रश त्यावर ठेवला. मग चढू लागला. वरच्या दोन पायऱ्या आल्या तसा तो कडेच्या मातीत उतरला, हातांनी गवत धरत रस्त्यावर चढला, आणि निघून गेला.