याडीच्या नावापुढचा ‘श्री.’

याडीचा फोन आला तवा मी ऑफिसात डबा खाऊन राह्यली होती. याडी म्हणजे माय. आमच्या तांड्यावर मायले याडीच म्हणतात. ती जिनिंगच्या गेटवर उभी होती, मागं कापसाची गाडी. आमच्या बोलीत जे बोलली ते इथं लिहायसारखं नाही. मतलब एवढाच, का माह्या नावापुढं हा कोन बाप्या उभा केला?

कापूस मोजून घ्याच्या टोकनवर नाव याडीचं, अन् त्याच्यापुढं ‘श्री.’. गेटवाला म्हणे, नाव बाईचं अन् पुढं श्री., हे टोकन चालत नाही, गाडी मागं घ्या. बाप जाऊन वर्षं झाली. वावर हिच्या नावानं, पेरते ही, वेचते ही, अन् कागदावर श्री.! माहं तर डोस्कंच सणकलं. कारण ते टोकन छापणारा प्रोग्राम आमच्याच ऑफिसचा.

PHP म्हणजे प्रोग्राम लिहाची भाषा; तिच्यातला ‘शेतकरी’ क्लास उघडला. क्लास म्हणजे साचा; एकेक शेतकरी त्यातूनच निघते. साच्यातच आमच्या ऑफिसच्या सरांनी लिहून ठेवलं होतं:

public string $sambodhan = 'श्री.';

string म्हणजे कोणतीही अक्षरं चालतात; पण कोणी काही सांगितलं नाही तर जन्मतःच श्री. अन् टोकन करताना कोणी विचारतच नव्हतं, तर सांगणार कोण?

“बहुतेक शेतकरी माणसंच असतात ना,” सर म्हणाले. “तुझ्या आईचं तेवढं दुरुस्त करून दे.”

“तिच्या एकटीचंच काहून? तांड्यावरच्या किती बाया तुम्ही श्री. करून ठेवल्या!”

“बरं, मग रिकामं ठेव. नुसती दोन अवतरणचिन्हं, मधे काही नाही. काम अडणार नाही.”

“रिकामं भरलं तरी ते भरलेलंच, सर. मले अडलेलंच पाहिजे.”

बरोबरच्या चिन्हापासून ‘श्री.’पर्यंत सगळं खोडलं. उरलं नुसतं public string $sambodhan; आता किंमत दिल्याबिगर कोणी ते वाचाले गेलं का PHP एरर देऊन थांबते, टोकन छापतच नाही. टोकनच्या खिडकीवरच्या स्क्रीनसाठी एक मोकळी चौकट टाकली, भरल्याबिगर पुढं न जाणारी, अन् लगेच सर्व्हरवर चढवलं. सर म्हणाले, लय भांडखोर आहेस. हाये, म्हटलं.

याडीले म्हटलं, जाय खिडकीवर, नवं टोकन माग, अन् फोन चालू ठेव.

खिडकीवाला आधी कुरकुरला. मग त्याचा आवाज आला, “बाई, हे पुढंच जाऊन नाही राह्यलं. नावापुढं काय लिहू?”

आजपर्यंत तिले हे कोणी विचारलंच नव्हतं.

“शेतकरी लिही.”

“असं नसते लिहत, बाई.”

“काहून नसते? लिही!”

टोकन छापलं. गाडी वजनकाट्यावर चढली. माह्या डोळ्यात पाणी आलं, अन् आलं तर आलं.

सरांनी माह्या स्क्रीनवर वाकून पाह्यलं. “हे ‘शेतकरी’ काय आहे? चालते का असं?”

“टाइप स्ट्रिंग आहे, सर,” म्या म्हटलं. “चालते.”